साठ तासांचा आठवडा

१८७०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या हालांची चर्चा मुंबईपेक्षा मँचेस्टरमध्ये जास्त होत होती. तिथल्या व्यापारी मंडळात, इंग्लंडच्या कारखाना निरीक्षकांच्या अहवालांत आणि लंडनच्या संसदेत हा विषय पुन्हा पुन्हा निघे. कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत मुंबईचं सूत आणि जाडंभरडं कापड बाजारात लँकेशायरच्या मालाला टक्कर देऊ लागलं. इंग्लंडमधल्या गिरण्यांचे तास कायद्याने बांधलेले होते. मुंबईत मात्र यंत्रं उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांचा भरे आणि त्यात सात-आठ वर्षांची पोरंही राबत. ३० जुलै १८७५ रोजी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हा प्रश्न उमरावांच्या सभागृहात मांडला. त्यांच्या भाषणात मुलांविषयीची कणवही होती आणि स्वस्त मजुरीमुळे इंग्लंडचा धंदा बसेल ही भीतीही होती. दोन्ही खऱ्या होत्या.

मुंबई सरकारने त्याच वर्षी आयोग नेमला. आयोगाच्या बहुसंख्य सभासदांना कायद्याची गरज वाटली नाही. आपल्याकडच्या राष्ट्रीय बाण्याच्या वृत्तपत्रांनाही ती वाटली नाही. कारखान्याचा कायदा म्हणजे मँचेस्टरने रचलेला डाव, देशी धंदा उभा राहतो न राहतो तोच त्याची मान मुरगळायचा बेत, अशी त्यांची भूमिका होती आणि पुढे त्यात टिळकांचा ‘मराठा’ही सामील झाला. डाव होताच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चातीखालचा कापूस झाडणाऱ्या पोराला आपली सुटका कुणाच्या स्वार्थातून होते आहे याच्याशी काय देणंघेणं? मुंबईत या पोरांच्या बाजूने खंबीरपणे उभे राहिले ते सोराबजी शापूरजी बंगाली. त्यांनी कायद्याचा मसुदा पुढे रेटला. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास आणि महिन्यातून चार सुट्ट्या, एवढाच त्याचा आवाका. शंभराहून कमी माणसं असलेले कारखाने त्यातून सुटले होते आणि मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

या सगळ्या वादात कामगार स्वतः कुठे होता? १८८४ पर्यंत कुठेच नव्हता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने. लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक. गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केल्यामुळे खात्याखात्यांतलं वास्तव त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. साडेपाच हजार कामगारांच्या वतीने जे निवेदन तयार झालं, त्यातल्या मागण्या आज वाचल्या तरी माणूस थबकतो. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. यातली एकही मागणी मालकाचं दिवाळं काढणारी नव्हती. महिनाभर राबल्यावर पगार दोन आठवड्यांत द्या, हेसुद्धा मागावं लागत होतं, यावरून काय ते समजावं.

१८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन गिरणी कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी मार्चमध्ये बर्लिनला युरोपातल्या राष्ट्रांची कामगार प्रश्नावर परिषद झाली होती. तिच्या शिफारशींचा आधार घेऊन लँकेशायरने पुन्हा लंडनमध्ये दबाव आणला आणि १८९१ चा सुधारित कायदा आला. बायकांना अकरा तास, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांना सात तास, सगळ्यांना आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास. परळची सभा आणि बर्लिनची परिषद यांना एकमेकींची खबर नव्हती, पण कायद्यात दोघींचा हात आहे. मला या इतिहासात सर्वांत लक्षणीय वाटतं ते हे. बाहेरचा दबाव आला तेव्हा त्यात काय भरायचं हे सांगणारं कुणीतरी आत उभं होतं. रविवारची सुट्टी मँचेस्टरने सुचवली असं आज कुणी म्हणत नाही, लोखंड्यांनी मिळवली असंच म्हणतात, आणि ते बरोबर आहे. १८९७ च्या प्लेगात ते गेले.

पुरुषांच्या तासांना मात्र अजूनही मर्यादा नव्हती. सूर्य हीच मर्यादा होती आणि तीही फार दिवस टिकली नाही. १९०५ च्या सुमाराला गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले, स्वदेशीच्या चळवळीने कापडाला मागणी आली, आणि काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. विजेचा दिवा हा प्रगतीचा दाखला म्हणून आपण शिकतो. गिरणगावाला त्याची ओळख अशी झाली. पुन्हा ओरड, पुन्हा समिती, पुन्हा आयोग. १९०८ च्या आयोगाने भारतीय मजूर कामात सैल असतो, अधूनमधून यंत्र सोडून बाहेर रेंगाळतो, त्यामुळे लांब तासांची त्याला झळ लागत नाही, अशा अर्थाचं बरंच लिहिलं. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी त्याला आपलं वेगळं मत जोडलं. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर बांधला. मधल्या काळात, १९०८ च्या जुलैत, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. कारखाना कायद्याला विरोध करणाऱ्या वृत्तपत्राच्या चालकासाठी त्यांनी पगार बुडवला. गिरणी कामगाराचं मन मोठं होतं, एवढंच त्यावर म्हणता येईल.

हा सगळा धंदा देशाच्या हद्दीत मावणारा नव्हता, हे इथे सांगायला हवं. वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईला येई, मुंबईत त्याचं सूत होई आणि ते सूत चीनच्या हातमागांवर जाई. पुढे जपानने भारतातलाच कापूस नेऊन सूत काढायला सुरुवात केली आणि चीनची बाजारपेठ मुंबईच्या हातून निसटत गेली. शांघायमध्ये भाव पडला की त्याची झळ परळच्या चाळीतल्या चुलीला लागे. आज आपण जागतिक पुरवठा साखळी म्हणतो ती त्या वेळी पुरती तयार झालेली होती. मालाला सगळीकडचे रस्ते मोकळे होते. कायदा मात्र प्रत्येक बंदरावर थांबत होता.

पहिलं महायुद्ध संपलं आणि व्हर्सायच्या तहात एक तेरावा भाग घालण्यात आला. एखाद्या देशाने मजुरांना माणुसकीने वागवलं नाही तर इतर देशांनाही तसं वागवणं अवघड होतं, आणि श्रम म्हणजे निव्वळ विकाऊ माल नव्हे, हे त्यात राष्ट्रांच्या सह्यांनिशी लिहिलं गेलं. त्यातून आंतरराष्ट्रीय श्रम संघटना जन्मली. प्रत्येक देशाने चार प्रतिनिधी पाठवायचे: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी त्या-त्या देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडायचे, असंही तहात होतं. भारत पारतंत्र्यात असूनही त्याच्या वतीने तहावर माँटेग्यू आणि बिकानेरच्या महाराजांच्या सह्या झाल्या होत्या, त्यामुळे भारत संस्थापक सभासद ठरला. स्वराज्य नाही, पण कामगारांसाठी जगाच्या मंचावर एक खुर्ची आहे, असा हा चमत्कारिक योग.

पहिली परिषद २९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टनला सुरू झाली. भारतीय कामगारांच्या खुर्चीवर बसले होते नारायण मल्हार जोशी. जन्म कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा, शिक्षण पुण्याला, काही वर्षं शिक्षकी, मग गोखल्यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालयं, दवाखाने चालवले. मद्रास लेबर युनियनचे बी. पी. वाडिया सल्लागार म्हणून बरोबर होते. जोशी मवाळ वृत्तीचे, कागदपत्रांत पक्के आणि चिवट. पण त्यांना कामगारांनी पाठवलं नव्हतं. देशभरातल्या कामगारांची मध्यवर्ती संघटनाच तेव्हा नव्हती, म्हणून सरकारने त्यांना नेमलं होतं.

परिषदेपुढचा पहिला विषय होता दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. युरोप-अमेरिकेतल्या कामगारांनी तीस वर्षं ज्यासाठी मोर्चे काढले ती मागणी आता आंतरराष्ट्रीय करार होऊ घातली होती. मात्र तहातच एक वाट ठेवलेली होती: उष्ण हवामानाचे किंवा उद्योग पुरते न वाढलेले देश असतील तर त्यांच्यासाठी वेगळी तरतूद करावी. त्या वाटेने करारात काही कलमं शिरली. नवव्या कलमाने जपानला सत्तावन्न तास, कच्च्या रेशमाच्या धंद्यात साठ. दहाव्या कलमाने ब्रिटिश हिंदुस्थानात कारखाने, खाणी आणि रेल्वेच्या ठरावीक शाखांसाठी साठ तास. अकराव्या कलमाने चीन, इराण आणि सयाम पुरतेच वगळले; त्यांचा विचार पुढे करायचा. मुलांच्या वयाचंही तेच. इतरांना चौदा वर्षं, भारताला बारा.

जगातल्या कामगारांसाठी लिहिलेल्या पहिल्याच करारात भारतीय मजुराचा आठवडा बारा तासांनी जास्त धरला गेला, याचा राग येणं साहजिक आहे. मलाही येतो. उष्ण हवेत माणूस जास्त दमतो, हे सांगायला आयोग लागत नाही. इथे मात्र उष्ण हवा हेच जास्त राबवण्याचं कारण झालं. पण हिशेब पुरा मांडायला हवा. देशातला तेव्हाचा कायदा दिवसाला बारा, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याला बहात्तर तासांची परवानगी देत होता. करारामुळे साठचा आकडा सरकारच्या गळ्यात पडला, आणि तोही फक्त कापड गिरण्यांपुरता नाही.

कागदावरचा आकडा गिरणीच्या भोंग्यापर्यंत पोचवला तो मात्र मुंबईनेच. १९१९ च्या जानेवारीत लाखाहून जास्त कामगारांचा संप झाला होता. युद्धात धान्य आणि कापड कडाडलं, गिरण्यांनी अमाप नफा केला आणि पगार मागे राहिले, हे त्याचं मूळ. १९२० च्या जानेवारीत गिरण्या पुन्हा बंद पडल्या, या वेळी दीड लाखाच्या आसपास माणसं बाहेर आली आणि संप महिनाभर चालला. त्यातून पगारवाढ मिळाली आणि दहा तासांचा दिवस मिळाला. वॉशिंग्टनचा करार झाल्यावर तीन महिन्यांच्या आत आणि देशातला कायदा व्हायच्या दोन वर्षं आधी! दहा तास द्यायचेच तर ते देशातल्या सगळ्याच गिरण्यांना कायद्याने लागू करा, असं मग मुंबईचे मालकही म्हणू लागले. एकट्या मुंबईने कमी तास चालवले तर धंदा अहमदाबादकडे जाईल, ही त्यांची चिंता. भारताने करार १४ जुलै १९२१ रोजी मंजूर केला आणि १९२२ च्या कायद्याने साठ तासांचा आठवडा, अकरा तासांची दैनंदिन मर्यादा आणि मुलांसाठी बारा वर्षांची अट घातली. वीस माणसं असलेली जागासुद्धा आता कारखाना ठरली. संस्थानांत मात्र हा कायदा चालत नव्हता, आणि ती पळवाट पुढे बरीच वर्षं उघडी राहिली.

वॉशिंग्टनचा खरा परिणाम वेगळ्याच बाजूने झाला. जोशींना कुणी निवडलं, हा प्रश्न आता देशातले कामगार पुढारी विचारू लागले. तह सांगतो की प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने नेमा. मग सरकार परस्पर कसं नेमतं? हा अधिकार हक्काने मागायचा तर देशव्यापी संघटना हवी. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरमध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि स्वागताध्यक्ष होते काका बॅप्टिस्टा. भारतातल्या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या जन्माला एका आंतरराष्ट्रीय कराराचं कलम कारण झालं, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. कराराने तास थोडे कमी केले आणि तेही दुजाभाव करून. पण त्याने एक खुर्ची ठेवली, आणि ती कुणाची हे ठरवायला माणसांना एकत्र यावं लागलं. जोशीही याच संघटनेत आले आणि पुढे बरीच वर्षं तिचे सरचिटणीस झाले. १९२६ चा कामगार संघटना कायदा होण्यामागेही कायदेमंडळात त्यांनी लावलेला धोशा होता. तोवर संप घडवणाऱ्या पुढाऱ्यावर मालक नुकसानीचा दावा लावू शकत होता. मद्रासला वाडियांवर तसा प्रसंग आलाही होता.

मधल्या काळात मुंबईच्या मालकांना वॉशिंग्टनच्या करारांचा अर्थ नव्याने उमगला. बायकांना रात्रपाळीला लावू नये, हाही करार तिथे झाला होता आणि भारताने तो पाळला. जपानच्या गिरण्यांत मात्र मुली दोन पाळ्यांत रात्रंदिवस सूत काढत होत्या आणि ते स्वस्त सूत भारताच्या बाजारात येत होतं. मुंबईचे मालक टॅरिफ बोर्डापुढे गेले. ही स्पर्धा अन्यायाची आहे, हा त्यांचा युक्तिवाद बोर्डाने मान्य केला आणि १९२७ साली परदेशी सुतावर पौंडामागे दीड आणा असं किमान शुल्क बसलं. १९२९ च्या जुलैपासून जपानने बायकांची रात्रपाळी बंद केली. पन्नास वर्षांपूर्वी मँचेस्टरने मुंबईविरुद्ध जे म्हटलं तेच आता मुंबई जपानविरुद्ध म्हणत होती. मजुरांच्या हक्कांची अट व्यापाराला जोडावी का, हा वाद आजही जागतिक परिषदांमध्ये पेटतो आणि तिला विरोध करणाऱ्यांत भारत आघाडीवर असतो. ती अट आपण स्वतः एकदा वापरलेली आहे, हे त्या वेळी आठवायला हवं.

पुढचा प्रवास कायद्याच्या पुस्तकात सापडतो. १९३४ साली चोपन्न तास, १९४६ साली अठ्ठेचाळीस. जोशी १९५५ साली गेले. लोअर परळच्या डिलाईल रोडला त्यांचं नाव दिलेलं आहे.

त्या जागतिक पुरवठा साखळीची शिवणकामाची बरीच टोकं आता दुसरीकडे गेली आहेत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली. वरच्या पाच कपडे कारखान्यांतल्या माणसांना मात्र कामावर बोलावलं गेलं. त्या पाचांपैकी एकाही कारखान्यात संघटना नव्हती. ‘आम्ही आत जाणार नाही’ हे सगळ्यांच्या वतीने म्हणणारं कुणी नव्हतं. बांगलादेशाने संघटनेच्या हक्काचे दोन्ही आंतरराष्ट्रीय करार, सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव क्रमांकाचे, १९७२ सालीच मंजूर केले होते. मंजुरी पुरेशी नसते, हे त्या ढिगाऱ्याने दाखवलं.

त्यानंतर महिन्याच्या आत जो समझोता झाला, त्याने जुनी रीत बदलली. सही सरकारची नव्हती. कपडे विकत घेणाऱ्या, प्रामुख्याने युरोपातल्या बड्या कंपन्या आणि दोन जागतिक कामगार महासंघ यांच्यातला हा बंधनकारक करार होता. देखरेख समितीत दोघांच्या जागा समान आणि अध्यक्षपदी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा तटस्थ माणूस. दीड हजारांहून जास्त कारखान्यांची तपासणी झाली. कराराप्रमाणे वागत नाहीत म्हणून महासंघांनी दोन कंपन्यांना २०१६ साली हेगच्या लवादापुढे खेचलं आणि त्यातल्या एका तडजोडीत वीस लाख डॉलरांहून जास्त रक्कम मिळाली. स्वेच्छेने पाळायच्या आचारसंहिता कंपन्यांकडे आधीही ढिगाने होत्या. पहिल्यांदा फरक पडला, कारण समोरच्या खुर्चीवर दावा लावू शकणारा कामगारांचा प्रतिनिधी बसला होता.

वॉशिंग्टनच्या करारातलं दहावं कलम आजही त्याच्या मजकुरात तसंच आहे. देशातल्या कायद्याने त्याला केव्हाच मागे टाकलं आहे. पण सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याण्णव क्रमांकाचे करार भारताने अजूनही मंजूर केलेले नाहीत. सरकारी नोकरांच्या संघटनांवर आपल्याकडे निर्बंध आहेत, हे सरकारचं कारण. तिरुपूरच्या, बेंगळुरूच्या, भिवंडीच्या कारखान्यांत परदेशी आणि देशी नाममुद्रांसाठी राबणाऱ्या माणसांचा त्या कारणाशी काहीही संबंध नाही. नुसत्या मंजुरीने सगळं होत नाही हे खरं, पण मंजुरी नाकारून आपण त्यांच्या हातातलं एक हत्यार काढून घेतलेलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संस्थापक देशाने हे दोन करार मंजूर करावेत, ही मागणी फक्त कामगार संघटनांवर सोडू नये. तयार कपडे अंगावर घालणाऱ्या आपण सगळ्यांनी ती लावून धरली पाहिजे.